कारभारणीचा वाटा

माझ्या बायकोला तिच्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. लग्न ठरवताना मला कुणी याची कल्पना दिली नव्हती. आता ती पन्नाशीला आली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, हेवा मात्र ठणठणीत आहे.

तिचे वडील, अण्णा, फर्निचरला लाखेचं पॉलिश करायचे. कापडाच्या बोळ्याने, हाताने. माणूस अफलातून होता आणि आजारीही होता, दोन्ही गोष्टी खऱ्या. मधूनच आठवडाभर अण्णा जेमतेम झोपायचे, चौघांचं काम एकटे उरकायचे, अख्ख्या गल्लीला हसवायचे, नको तेवढ्या ऑर्डरी घेऊन ठेवायचे. मग एकदम बसायचे. भिंतीकडे तोंड करून महिना महिना पडून. तेव्हा त्यांना दोन घास भरवायला आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायला ही. वय बारा. लोक म्हणायचे, लहरी आहेत. त्या काळी घरात एवढंच निदान होतं.

अण्णा मुलाला 'राजे' म्हणायचे आणि हिला 'कारभारीण'. त्यातच सगळं आलं. कारभारणीने दिवसभर पॉलिश पेपरने लाकूड घासायचं आणि राजांनी येऊन शेवटचा हात मारायचा. गिऱ्हाईक झळाळी बघून राजांची पाठ थोपटणार, ही कोपऱ्यात भुसा झाडत उभी.

विशीत राजांनाही तोच आजार झाला. तुम्हाला वाटेल, आता तरी हेवा संपला असेल. कसला संपतोय! घर आता आणखीच राजांभोवती फिरायला लागलं. राजे झोपले का, राजे जेवले का. अण्णांनी तर त्याला पोटाशी धरलं आणि म्हणाले, "तू माझाच रे." ही पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. हा प्रसंग तिने मला इतक्यांदा ऐकवलाय की मीच तिथे होतो असं वाटतं. शेवटी ठरलेला प्रश्न, "मग मी कोणाची?"

"अगं, आजार झाला नाही म्हणून रुसणारी जगात तू एकटीच," मी म्हणायचो.

"तुम्हाला नाही कळायचं."

नाहीच कळायचं. मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. मला वडिलांकडून फक्त टक्कल मिळालं.

अण्णा गेले. औषधाला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. राजे मात्र गोळ्या नेमाने घेऊन सावरले, संसाराला लागले. अण्णांचा पॉलिशचा कारखाना हिने चालवला. भाऊ आठवड्यातून दोनदा शेवटचा हात मारायला यायचा आणि ही त्याच्या हाताकडे अशी बघायची, की मीच मान वळवायचो.

मग आमची लेक बहरली. वीस वर्षांची, तोवर अगदी अबोल. एकाएकी घडाघडा बोलायला लागली. पहाटेच कारखान्यात हजर. एक खुर्ची अर्धी टाकून दुसरी घ्यायची, लाखेत नवेनवे रंग कालवायची, गिऱ्हाइकांना हसवून बेजार करायची. आमची ही हवेत तरंगायला लागली. "आली!" म्हणाली. "अण्णांची कला माझ्या पोरीत आली!" आणि भाऊ येऊन पोरीचा गुरू होऊन बसेल या धास्तीने तिने त्याला कळवलं, "सध्या काम कमी आहे, येऊ नकोस."

तो आलाच. दारात उभा राहून भाचीकडे थोडा वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, ही झोपते का?"

"वेळ कुठाय तिला? काम करते ती."

"ताई, मी नीट विचारतोय."

"तुला बघवत नाही!" ही कडाडली. "आजवर सगळं तुलाच मिळालं. माझ्या पोरीला जरा काही मिळालं तर लगेच पोटात दुखायला लागलं तुझ्या!"

तो वळून भाचीजवळ गेला. ती एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार घासत होती. वरची लाकडाची पातळ पत्ती केव्हाच फाटून खालचं प्लायवूड उघडं पडलं होतं, आणि पोर हसत हसत घासतेच आहे. "खरी झळाळी आत आहे मामा, आत!" बोटांची सालं निघाली होती.

बायकोने धावत जाऊन तिचं मनगट धरलं. धरल्या हातातही ते मनगट हलतच होतं. "अण्णा," ती म्हणाली. लेकीला अण्णा म्हणाली.

भावाने तिथूनच आपल्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला शांत. बायकोने विचारलं, "मला तर कधी काही झालं नाही. मग माझ्यातून हे गेलं कसं?"

"हे एखाद्याच जनुकाचं काम नाही," बाई म्हणाल्या. "पुष्कळ जनुकं असतात, प्रत्येकाचा वाटा अगदी बारीक. वडिलांकडून त्यातली काही तुमच्याकडेही आली असणार. तुमच्यात ती दिसली नाहीत, पुढे मात्र गेली. थोडी यांच्याकडूनही गेली असतील." मी खुर्चीत सावरून बसलो. "रक्त तपासून हे आधी सांगता येत नाही. आईला किंवा वडिलांना आजार असला, तरी बहुतेक मुलांना होत नाही. जागरण, ताण यांचाही हात असतो. तुम्ही लवकर आलात, हे चांगलं झालं."

बाहेर बाकावर बसल्यावर ही पुटपुटली, "म्हणजे अण्णांनी मलाही दिलं होतं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर ती सुखावली. मी तिचा चेहरा बघितला. मग तोंडावर हात दाबून रडायला लागली. "मी हेच मागत होते का हो इतकी वर्षं?" मी तिची पर्स धरून बसलो.

दार उघडून लेकीने डोकं बाहेर काढलं. "मामा, तू आत ये. आई नको."

बायकोचा चेहरा पुन्हा तसाच झाला, पाण्याचा पेला घेऊन उभ्या पोरीचा. भाऊ उठला, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"ताई, मला तुझा फार हेवा वाटायचा."

"माझा?"

"तू पाठ टेकली की घोरायला लागायचीस. मी रात्रभर भिंतीला टेकून तुझ्याकडे बघत बसायचो. भीती वाटायची गं मला."

मला वाटलं, आता ही त्याला जवळ घेणार. कसलं काय. डोळे पुसून ती अशी ओरडली की रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"मग उठवायचं नाही का मला, गाढवा!"