निघून राहिली

पुण्याच्या संपादकबाईंनी माझा दुसरा लेखही परत पाठवला, तेव्हा सोबत चारच वाक्यं होती. "भाषा निर्दोष आहे. पण हा लेख मलाही इथे बसून लिहिता आला असता. आणखी एक पाठवा. तोही जमला नाही, तर आपण थांबू."

मला भयंकर राग आला, कारण बाईंचं म्हणणं खरं होतं. लेख कौंडण्यपूरवर होता. त्यात वर्धेचं 'विस्तीर्ण पात्र' होतं, 'निसर्गरम्य परिसर' होता, 'भाविकांची मांदियाळी'सुद्धा होती. फक्त मी कुठे नव्हते. माझे बाबा अकोल्याला असतात, एसटीत कंडक्टर होते. त्यांना तो फोनवर वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तू लिवलं का वं? मले वाटलं देवळाबाहेरची पाटी वाचून राहिली."

अमरावतीत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवते आणि सुट्टी मिळाली की हिंडते. चार वर्षं प्रवासाचा ब्लॉग लिहीत होते. वाचणारे दोन. एक बाबा, आणि दुसरी एक विद्यार्थिनी, तीही परीक्षा होईपर्यंत. "फिरणं हे काय काम हाये?" असं सगळ्या नात्यागोत्यानं विचारून झालं होतं. त्यामुळे या संपादकबाईंच्या प्रवासविषयक संकेतस्थळावर सदर मिळणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती. ते मिळालं असतं तर मी लेखिका, नाहीतर सुट्टीत हिंडणारी मास्तरीण.

आता निर्दोष भाषेचंही सांगते. शिकायला पुण्याला होते, तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, काय करतेयस? मी म्हटलं, "जेवण करून राहिली." खोलीभर हशा पिकला. "करून कुठे राहिलीस?" पुढे तीन वर्षं माझं तेच टोपणनाव झालं. त्या दिवसापासून मी जिभेवरची वऱ्हाडी घासून पुसून काढली, आणि इतकी की पुढे लोकांना व्याकरण शिकवू लागले. ती लाज मी इतकी वर्षं नेटकेपणाच्या नावाखाली जपली.

तिसऱ्या लेखासाठी धारणीची बस धरली. परतवाडा सोडलं, घाट चढला, जंगल लागलं. सेमाडोहला गाडी थांबली तशी मी पुलाचा फोटो काढायला खाली उतरले, कंडक्टरला न सांगता. जन्मभर बाबांनी एकच गोष्ट बजावली होती, ती हीच. फोटो छान आला. वळून पाहिलं तर बस गेलेली.

फोनला रेंज नाही. पुढची बस कधी, हे कुणी नक्की सांगेना. टपरीपुढे एक जीप उभी होती आणि परतवाड्याचा एक पिकल्या मिशांचा ड्रायव्हर बॉनेट पुसत होता.

"धारणी?"

"बसा ना ताई, निघून राहिली."

बसले. अर्धा तास झाला. जीपमध्ये चारजण होते, सगळे निवांत. एकजण तर घरी जाऊन जेवून आला. मी पुन्हा विचारलं. "निघूनच राहिली ना!" तासाभरानं माझं डोकं फिरलं. खाली उतरून मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं, तेही शुद्ध मराठीत. निघायचं नव्हतं तर निघतोय असं सांगितलंच का? ही फसवणूक आहे!

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "कावून चिडता ताई? मी कुठं म्हटलं निघाली? निघून राहिली म्हटलं. तिकडच्या पाड्यावर नर्सबाई लेकराइले सुया देऊन राहिल्या. संगं दोन बाया हायेत, त्याइले धारणीच्या दवाखान्यात जायचं हाये. म्या सकाळीच त्याइले सांगितलं, तुमाले घेतल्याबिगर जात नाई. आता तुमच्यासाठी त्याइले सोडून जाऊ काय? जंगलातून पायी येतीन त्या."

मी परत जाऊन जीपमध्ये बसले. मला खरोखर लाज वाटली, पण ही लाज वसतिगृहातल्या लाजेसारखी नव्हती. थोड्या वेळानं त्या तिघी आल्या. नर्सबाईंच्या खांद्यावर लसीचा निळा डबा होता आणि त्या घामानं डबडबल्या होत्या. कुणी कुणाला उशिराबद्दल काही बोललं नाही. सगळे सरकले, जागा झाली आणि जीप निघाली. निघून राहिली होती ती खरोखर निघाली.

धारणीपर्यंत ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. वर्गात मी फळ्यावर लिहायचे: अपूर्ण वर्तमानकाळ, 'निघत आहे'. पण 'निघत आहे' म्हटलं की गाडी कुणाची वाट पाहत नाही. 'निघून राहिली' मध्ये निघणंही आहे आणि राहणंही आहे. ज्यांना घ्यायचं ते आले की निघायचं. माझ्याच तोंडातून मी हे हाकलून लावलं होतं.

घरी आल्यावर लेख एका बैठकीत लिहिला. चुकलेली बस, माझं भांडण, निळा डबा, सगळं. शीर्षक दिलं, 'निघून राहिली'. लोकांचं बोलणं जसं ऐकलं तसं ठेवलं.

दोन दिवसांनी लेख तपासून आला. बाईंना तो आवडला होता. फक्त एक दुरुस्ती होती. सगळीकडे 'निघून राहिली' खोडून 'निघत आहे' केलं होतं. शीर्षकातसुद्धा.

होकार दिला असता तर सदर हातात होतं. मी फोन उचलला.

"मॅडम, ते तसंच राहू द्या."

"वाचकांना चूक वाटेल हो. तुम्ही तर व्याकरण शिकवता."

"शिकवते म्हणूनच सांगते. निघत आहे म्हणजे निघते. निघून राहिली म्हणजे अजून तीन माणसं यायची आहेत. तुम्ही हा शब्द काढला की त्या तिघी जंगलातच राहतात. काढायचाच असेल, तर लेख छापू नका."

बाई हळूच हसल्या. "छापते," म्हणाल्या. "शीर्षकासकट."

लेख आला आणि कुठून कुठून माणसं लिहू लागली. "ऑफिसात बसून वाचून राहिलो, हसून राहिलो, अन् डोळेई पुसून राहिलो," असं एकानं लिहिलं. वऱ्हाड सोडून वर्षं झालेली ही माणसं, सगळी जणू आमच्याच जीपमध्ये चढली. बाबांनी अकोल्याच्या स्टँडवर जुन्या सोबत्यांना गोळा करून लेख मोठ्यानं वाचला. मग मला फोन. "चांगलं झालं. पण कंडक्टरले न सांगता उतरली कशी वं तू?"

सदर मिळालं, दर महिन्याचं. वर्गात आता फळ्यावर दोन्ही रूपं लिहिते आणि दोन्ही समजावून सांगते. मुलं आधी हसतात, मग आपापल्या घरची वाक्यं सांगू लागतात.

पुढच्या लेखाची तारीख आली तशी बाईंचा फोन आला. "कुठवर आलाय लेख?"

"लिहून राहिली," मी बिनधास्त सांगितलं.

"म्हणजे अजून तीन माणसं यायची आहेत?"

"तीन परिच्छेद."

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. "मी थांबून राहिले."

मी वहीत ते वाक्य उतरवून घेतलं. ते पुण्याच्या व्याकरणात बसतं, आणि आमच्याही.