शेजारच्या काकांची सही

न्यूझीलंडला जायचं ठरलं, तेव्हा कागदांच्या लांबलचक यादीत एक कागद भोपाळचा निघाला. अठराव्या वर्षापासून माणूस जिथं जिथं राहिला असेल, तिथल्या पोलिसांकडून लिहून आणायचं, की याच्याविरुद्ध आमच्याकडे काही नाही. पुण्याचा दाखला सहज मिळाला. भोपाळसाठी मला आठ दिवसांची रजा काढावी लागली, कारण लग्न होईपर्यंत मी तिथल्या कारखान्याच्या वसाहतीतच राहत होते.

तिथल्या पोलीस ठाण्यातल्या मुंशीने, म्हणजे कारकुनाने, अर्ज उलटसुलट करून पाहिला. "पुराने पते पर कोई जाननेवाला चाहिए," तो म्हणाला. "जो आज भी वहीं रहता हो. पहले उसके दस्तखत, फिर टी.आय. साहब के." टी.आय. म्हणजे तिथला ठाण्याचा इन्स्पेक्टर.

मी कोलार रोडवर आईबाबांच्या फ्लॅटवर आले आणि बाबांना हे सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर तसाच समोर धरून म्हणाले, "आपल्या क्वार्टरांच्या लाइनीत आता कोण उरलंय? सगळे सोनागिरीला नाहीतर आपापल्या गावी गेले."

"शेजारचे काका आहेत," मी म्हणाले.

"त्यांच्याकडे जायचं नाही." बाबांनी पेपर खाली ठेवला. "दुसरं कुणीतरी शोधू. मी फोन करतो."

दोन दिवस ते फोन करत राहिले. कुणी वारलेलं होतं, कुणी मुलाकडे बंगलोरला होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी डायरी मिटली आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेले.

शेजारच्या काकांना एकच मुलगी होती. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण आम्ही मैत्रिणीच होतो. आमच्या दोन क्वार्टरांमध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीवर आतून टकटक केली, की पाच मिनिटांत दोघी मागच्या अंगणात हजर. ते मूळचे अमरावतीचे, आम्ही पुण्याचे. त्यांच्याकडचं तिखट वरण आणि आमच्याकडची गोड आमटी भिंतीवरून इकडून तिकडे जायची.

मी सतरा वर्षांची असताना एका दुपारी ती घरातून निघून गेली. मी हे सगळ्यांना असंच सांगत आले, की ती निघून गेली. खरं म्हणजे मी तिच्याबरोबर पिपलानीच्या स्टॉपपर्यंत गेले होते. तिची एक पिशवी माझ्या हातात होती. पहिली पाळी सुटायला अजून वेळ होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. ती म्हणाली, "इंदूरला नोकरी बघितली आहे. पोचले की मीच घरी पत्र टाकीन. तोवर बोलू नकोस. बाबा येऊन परत घेऊन जातील." तिचं लग्न ठरवायचं चाललं होतं आणि तिला ते नको होतं, एवढंच मला माहीत होतं. मिनीबस आली, ती चढली, मी पिशवी आत दिली.

पत्र आलं नाही. चौथ्या दिवशी पोलीस आले. हवालदाराने आमच्या पुढच्या खोलीत बसून मला विचारलं, शेवटचं कधी पाहिलंस. बाबा बाजूला उभे होते. मी म्हटलं, ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी, अंगणात. कुठं जाणार ते बोलली होती का? नाही. त्याने ते हिंदीत लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

काकांनी नागपूर पालथं घातलं, कारण नातेवाईक तिकडे होते. इटारसीला गेले, वर्ध्याला गेले. रेल्वेलाइनीजवळ एखादी बाई सापडल्याचं कळलं, की इस्पितळात जाऊन बघून यायचे. परत आले की अंगणातल्या नळावर बराच वेळ हात धुवायचे. आमच्या स्वयंपाकघरात तो नळ ऐकू यायचा. आठवड्याभराने मी बाबांना खरं सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सही केली आहेस ना त्या कागदावर? मग आता बदलायचं नाही. पोलीस तुलाच धरतील." मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते सुटणं मला पुढे कधीच माफ करता आलं नाही.

इंदूरला कुणी शोधायला गेलं नाही.

तर त्या काकांकडे मी सही मागायला गेले. वसाहतीचा आमच्याकडचा भाग बहुतेक रिकामा झाला होता. क्वार्टरांच्या दारं-खिडक्या काढून नेलेल्या, चौकटींच्या जागी विटा रचलेल्या, भिंतींवर लाल रंगाने आकडे टाकलेले. आमच्या जुन्या क्वार्टरच्या छपरातून एक पिंपळ वर आला होता. त्याला लागून काकांचं दार मात्र रंगवलेलं होतं, कुंड्यांना पाणी घातलेलं होतं. रिटायर झालेल्यांना तेव्हा काही क्वार्टर भाड्याने मिळत. काकांनी ते घेतलं होतं आणि दरवर्षी अर्ज करून वाढवत होते. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. हाच पत्ता मुलीला माहीत आहे, म्हणून ते हलत नव्हते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी मोठ्याने म्हणत नसे.

"ये," ते म्हणाले. जणू मी कालच येऊन गेले होते.

त्यांनी चहा केला. मी अर्ज पुढे ठेवला आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट हलकेच बाजूला केलं. काका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. त्यांनी नापास करून परत पाठवलेल्या भागांवरून भांडायला फोरमन फाटकापर्यंत यायचे, पण तपासल्याशिवाय ते कशावरही सही करत नसत. त्यांनी चष्मा बदलला आणि सगळा अर्ज वाचला, मागचं छापील पानसुद्धा.

"इथं दोन गोष्टी लिहिल्यात," ते म्हणाले. "एक, अर्जदार या पत्त्यावर राहत होती. ते मला माहीत आहे. दुसरी, माझ्या माहितीप्रमाणे तिचं वागणं चांगलं आहे आणि तिने काही लपवलेलं नाही." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "त्या दिवशी दुपारी तू कुठं होतीस?"

वीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि तो इतक्या साध्या आवाजात येईल असं मला वाटलं नव्हतं. मी सांगितलं. स्टॉप, मिनीबस, इंदूर, पत्र, सगळं. सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि मग लक्षात आलं की ती आमची भिंत आहे.

काका ओरडले नाहीत.  मग म्हणाले, "पिशवी कसली होती?"

"कापडी. दुकानातून मिळते तशी."

"जड होती?"

"फार नाही."

"जेवून निघाली होती का?"

"मला नाही माहीत, काका."

"रडत होती?"

"नाही. घाईत होती. बसमध्ये चढल्यावर तिने खिडकीतून बघितलं, हात केला."

"कोणत्या बाजूची खिडकी?"

मी आठवून सांगितलं. ते एकेक उत्तर ऐकून मान हलवत होते. भूक लागलेल्या माणसापुढे ताट यावं आणि त्याने सावकाश जेवावं, तसे ते ऐकत होते. मला ते बघवत नव्हतं.

"तुझी काकू म्हणायची, त्या पोरीला माहीत आहे," ते शेवटी म्हणाले. "मी विचारू दिलं नाही. तू नाही म्हणाली असतीस, तर पुढे विचारायला कुणीच उरलं नसतं." मग अर्ज उचलून म्हणाले, "हा राहू दे माझ्याकडे. उद्या ये."

घरी येऊन मी बाबांना सांगितलं की मी बोलले. आईने गॅस बंद केला.  दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कपडे करून दारात उभे होते. "मी येतो," म्हणाले.

दोघं म्हातारे समोरासमोर बसले. बाबांनी दोनदा घसा साफ केला. "माझंच चुकलं," एवढंच ते म्हणाले. काका उठले, आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला. नंतर दोघं पाणीपुरवठ्याबद्दल बोलले, कोण कुठं गेलं त्याबद्दल बोलले. मी कुंड्यांपाशी उभी राहून ऐकत होते. माझ्या लहानपणी सुटीच्या दिवशी ते असंच बोलत बसायचे, तेच आवाज, फक्त आता मधली शांतता लांब होती.

निघताना काकांनी अर्ज दिला. खाली त्यांची सही होती, तारीख होती. वागणुकीची ओळ त्यांनी पट्टी लावून खोडली होती आणि खोडलेल्या जागी समासात आद्याक्षरं टाकली होती, कारखान्यात टाकायचे तशी.

"राहत होतीस, एवढं मी लिहू शकतो," ते म्हणाले. "बाकीचं टी.आय. बघेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

ठाण्यात मुंशीने ती खोडलेली ओळ लगेच पाहिली. "ये क्यों काटा इन्होंने?"

दुसऱ्या कुणाची तरी सही आणते, असं म्हणून मला तिथून उठता आलं असतं. पुण्यात सामान बांधायला काढलं होतं. मुलाच्या शाळेचा दाखला काढून झाला होता.  मी म्हटलं, वीस साल पहले इसी थाने के हवालदार को मैंने झूठा बयान दिया था. आणि मुलगी हरवल्याची सगळी हकीकत सांगितली.

मुंशीने पेन खाली ठेवलं. तो माझ्यापेक्षा लहानच असेल. "मॅडम, उस ज़माने के रजिस्टर तो दीमक खा गई," तो म्हणाला. "आपसे किसी ने पूछा भी नहीं था. क्यों बता रही हैं?"

मी म्हटलं, मला लिहून द्यायचंय. त्याने दोन कोरे कागद दिले. मी बाकावर बसून सगळं दोन प्रतींत लिहिलं, मिनीबसपासून इंदूरपर्यंत, खाली सही केली. तो आत टी.आय.कडे घेऊन गेला. मी बाहेर बसले. आत हसण्याचा आवाज आला, तो दुसऱ्याच कशावरून होता. थोड्या वेळाने तो बाहेर आला, माझ्या अर्जावर टी.आय.ची सही होती, शिक्का होता. माझ्या जबाबाच्या दुसऱ्या प्रतीवर त्याने मिळाल्याचा शिक्का मारून दिला.

"अब क्या होगा?" मी विचारलं.

"कुछ नहीं," तो म्हणाला. त्याने ते मला धीर द्यायला म्हटलं असावं.

शिक्क्याची प्रत मी काकांना नेऊन दिली. त्यांनी ती उभ्याने वाचली, मग घडी करून खिशात ठेवली. पाच आठवड्यांनी माझा दाखला पोस्टाने आला. अर्जदाराविरुद्ध काहीही आढळून आलं नाही, असं त्यात छापलेलं होतं. नवऱ्याने तो फाइलमध्ये लावला. त्या रात्री मी भिंतीवर टकटक ऐकली. पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडे कुणाचं घर नव्हतं, जिना होता. नंतर ऑकलंडच्या लाकडी घरातही ती कधीकधी ऐकू यायची. पहिल्यांदा नवऱ्याला उठवलं होतं, पुढे उठवायचं सोडून दिलं.

आम्ही गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात काका इंदूरला गेले. बाबाही बरोबर गेले. आई नको म्हणत होती, बाबांचे गुडघे दुखत होते. चार दिवस दोघं धर्मशाळेत राहिले आणि बायकांची वसतिगृहं, कापडाची दुकानं, पोलीस ठाणी फिरले. एका वसतिगृहातल्या म्हाताऱ्या बाईंना भोपाळची एक मुलगी आठवत होती. तिचं नाव वेगळं होतं, आणि ती कधी गेली ते त्यांना सांगता येईना. फोटो बघून त्या आधी हो म्हणाल्या, मग नाही म्हणाल्या. बाबा फोनवर म्हणाले, "काकांनी ते दोन्ही लिहून घेतलं."

मी काकांना दर महिन्याला फोन करायचे. ते माझ्या मुलाची चौकशी करायचे, मग त्या दुपारकडे यायचे. बसमध्ये आणखी कोण होतं? कंडक्टर कसा होता? एकदा मी काहीतरी सांगितलं आणि ते शांतपणे म्हणाले, "मागच्या वेळी तू वेगळं सांगितलं होतंस." तेव्हा कळलं, की त्यांना काहीतरी मिळावं म्हणून मी नकळत घालून बोलायला लागले होते. मी तसं कबूल केलं. "मग नक्की नाही असं म्हणत जा," ते म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी ती अख्खी लाइन पाडायचं ठरलं आणि काकांना नोटीस आली. अमरावतीचा पुतण्या न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी बाबांना बोलावून घेतलं आणि दोघं पोस्टात गेले, पत्ता बदलल्याचा अर्ज द्यायला, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र अमरावतीला जाईल. त्यात काकांनी दोन नावं लिहिली, स्वतःचं आणि मुलीचं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, दुसऱ्या नावासमोर त्यांची सही लागेल, त्या कुठे आहेत.

"बाहर गई है," काका म्हणाले.

"तो आ जाएँ, तब करवा लीजिएगा," बाईंनी सांगितलं आणि अर्ज परत दिला. काकांनी तो घेतला. बाबा म्हणाले, त्यांनी तो नीट घडी करून अमरावतीला न्यायच्या सामानात ठेवला.