निंबोल्यात पोहोचलेली डीएनए टेस्ट

माझ्या मुलीला ल्युपस आहे. शरीराची राखण करायला ठेवलेली यंत्रणा तिच्याच मूत्रपिंडांना परकं समजून त्यांच्यावर चालून जाते, असा हा आजार. नेमणूक रखवालदाराची आणि फोडायचं मालकाचंच घर. मी आयुष्यभर सरकारी कागद कारखान्यात नोकरी केल्यामुळे हा प्रकार समजायला मला फारसा जड गेला नाही.

बरेच महिने आजार शांत होता. स्टेरॉइडची गोळी कमी करत करत डॉक्टरांनी अगदी थोडीशी ठेवली होती. या वेळचं रक्त चांगलं आलं तर तीही बंद करू, नाहीतर पुन्हा वाढवावी लागेल, असं ते म्हणाले होते. म्हणून मुलगी निंबोल्याहून, सासरहून, आमच्याकडे शहरात, बुधवारा मोहल्ल्यात आली. नातवाला तिनं माझ्या पत्नीजवळ सोडलं आणि मी तिच्यासोबत लॅबमध्ये गेलो.

लॅबच्या भिंतीवर उद्‌घाटनाचा भलामोठा फोटो आहे. फीत एक आणि कात्रीला हात लावायला निम्मं शहर. इतकं करून आम्हाला हव्या होत्या त्या तपासण्या तिथं होत नाहीतच. रक्त काढून इंदूरला पाठवतात. चिठ्ठीवर क्रिएटिनिन होतं, सी-थ्री आणि सी-फोर होतं, लघवीतलं प्रथिन होतं, आणि अँटी-डीएस-डीएनए. काउंटरवरच्या माणसाला एवढं लांब नाव घ्यायचा कंटाळा आला असावा.

“डीएनए वाली मैडम कौन हैं? इधर आइए।”

मुलगी उठली. कोपऱ्यात निंबोल्याची एक बाई बसली होती, तिच्या सासरची शेजारीण. तिची साखर तपासून झाली होती, पण ती काही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई हजर. हातात केळीची फणी. पाणी प्यायल्या, नातवाला मांडीवर घेतलं, त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

“भाऊ, तुमच्या पोरीनं डीएनए टेस्ट केली म्हणे.”

“हो, केली.”

“माझ्या पोराले विचारलं बी नाही?”

“त्याला काय विचारायचं त्यात?”

“आता सीरियलमध्ये डीएनए कशासाठी करतात, ते आम्हाले बी माहीत आहे.” त्यांनी नातवाच्या तोंडावरून हात फिरवला. “नाक तर आमचंच आहे याचं. ते मी कोणाले बी सांगेन. मंग टेस्ट काहून?”

मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. मुलगी आतून आली. तिच्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हतं.

“मम्मी, डीएनए माझाच आहे. माझंच रक्त त्याच्यावर उठलंय. किती उठलंय, ते पाहतात या टेस्टमध्ये. तुमच्या मुलाचा त्यात काही संबंध नाही.”

विहीणबाईंनी श्वास सोडला. “म्हणजे किडनीचंच आहे न? मले वाटलं काय.”

त्या ‘च’चं काय करायचं ते मला कळेना. एका अक्षरात मुलीची अब्रू परत आली होती आणि आजार किरकोळ झाला होता. विहीणबाई चहा पिऊन निघाल्या. मुलगीही नातवाला घेऊन त्यांच्यासोबत गेली. शेजारणीला काय सांगायचं, याची त्यांनी वाटेत तयारी केली असेल. माझी कशाचीच झाली नव्हती.

रिपोर्ट यायचा होता. फोन खिशात वाजला की मी घाईनं काढायचो आणि बहुतेक वेळा कुणीतरी प्लॉट विकत असायचं. शेवटी रिपोर्ट आला तेव्हा मी भाजी घेत होतो. तिथं उघडला नाही. घरी येऊन, चष्मा पुसून उघडला.

पत्नी खांद्यावरून पाहत होती. “सी-थ्री खाली आलंय. चांगलं ना? तुमची साखर खाली आली की डॉक्टर खूश होतात.”

साखरेच्या घरात राहून आम्ही सगळे असेच शिकलो आहोत: खालचा बाण चांगला, वरचा वाईट. इथं उलटं होतं. सी-थ्री आणि सी-फोर ही रक्तातली प्रथिनं लढाईत खर्च होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती घटली म्हणजे आत कुठेतरी लढाई चालू आहे. डीएनएचा बाण वर होता. लघवीतलं प्रथिनही मागच्या वेळेपेक्षा जास्त होतं. एकटं क्रिएटिनिन जागच्या जागी होतं, आणि त्याच्यावर विसंबायचं नाही, ते फार उशिरा हलतं, हेही डॉक्टरांचंच म्हणणं.

मी त्यांना रिपोर्ट पाठवला. उत्तर लवकर आलं, आणि लवकर आलं म्हणूनच मला ते आवडलं नाही. गोळी वाढवा, आठवड्याभरात दाखवायला आणा, बहुतेक बायोप्सी करावी लागेल.

मुलीला फोन केला. तिनं नमस्कार-चमत्कार केला नाही.

“क्रिएटिनिन?”

“आहे तसंच.”

“आणि सी-थ्री?”

“खाली.”

तिकडे कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली होती, तिचा आवाज येत राहिला.

“किती गोळ्या, पप्पा?”

मी सांगितलं.

“चेहरा फुगेल परत. गावात म्हणतील, सुनेचं अंग भरलं.” मग म्हणाली, “आत्ताच घेऊ का?”

मी मेसेज पुन्हा वाचला. जेवणानंतर, असं होतं त्यात.

“मग आधी जेवते,” ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून तिनं मुलाला जेवायला हाक मारली.