जपानी झाडांचं पाणी

नांदूरघाटहून आजारी नवऱ्याला घेऊन आलेल्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. निजामाच्या अमलात मी बीडकडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो.

एका जहागीरदारांनी आपल्या मरहूम बेगमच्या स्मरणार्थ दवाखान्याला जपानी चेरीची रोपं दिली होती. ती लावताना लांबलचक भाषणं झाली आणि रोग्यांना उन्हात उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा लांबून पाणी वाहून आणणाऱ्या भिस्त्याची पखाल आधी त्या झाडांपाशी रिती होई. उरलं तर पाणी खाटांपर्यंत येई.

बाई पदर कमरेला खोचून, भुवया चढवून हे रोज पाहायची. नवरा तापानं फणफणत होता. एके दिवशी तिनं सरळ पखालीच्या तोंडाखाली लोटा धरला.

दवाखान्याचा दारोगा ओरडत धावला, "बेअदबी! ही बेगमसाहेबांची यादगार हाय!"

"तुमच्या बेगमची याद ऱ्हावी म्हणून माझ्या मालकाचीबी नुसती यादच उरू देऊ का?" ती म्हणाली, आणि लोटा भरेपर्यंत हलली नाही. त्या दिवसापासून भिस्ती दारोग्याची नजर चुकवून आधी खाटांकडे यायला लागला.

झाडं आमच्या उन्हात तशीही जगणार नव्हती. ती वाळली. जहागीरदार येणार म्हणताच दारोग्यानं फांद्यांना गुलाबी कागदाची फुलं बांधली. ती पाहून जहागीरदारांनी डोळे पुसले, आणि आम्ही शिकल्यासवरलेल्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

त्याच दुपारी बाईचा नवरा बरा होऊन घरी निघाला. तिनं जाता जाता एक फूल ओरबाडलं, त्याच्या पटक्यात खोचलं आणि म्हणाली, "चला, लई शोभतंय. मेलेल्यापरीस जित्या माणसाला बरं दिसतं."