बाकावर धरलेली जागा

अपघात डोळ्यांनी पाहूनही साक्षीला न गेलेल्यांपैकी तुम्हीही आहात का?

आंबेनळी घाटात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माझ्या काकीला गावोगावचे प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपने उडवलं आणि तिचा पाय गेला. महाडला अपघाताचे दावे लढवणारे एक वकील शोधले. ते डोळे मिटून ऐकतात आणि जखमेआधी साक्षीदार विचारतात.

"जीप भरलेली व्हती, सायब. पन कोन बोलायचा नाय. डायवर गावचाच हाय," काकी म्हणाली.

"म्हणजे अख्खी जीप आंधळी?"

ते स्वतः गावात येऊन घरोघर फिरले. सगळ्यांनी चहा पाजला, साक्षीला कुणीच तयार झालं नाही. उलट काकीशीच गावाने बोलणं टाकलं.

तेव्हापासून तारखेला ते इतर वकिलांत बसत नाहीत. कोर्टाबाहेरच्या बाकावर काकीजवळ बसतात आणि मध्ये बॅग ठेवून एक जागा धरतात. कुणी जागा मागितली तर सांगतात, "साक्षीदार यायचाय."

"कोन नाय येत, सायब. उचला ती बॅग," काकी परवा म्हणाली. बॅग तिथेच राहिली.

त्या जीपमध्ये तुम्ही असाल, तर पुढच्या तारखेला या आणि त्यांना ती बॅग उचलायला लावा.