नाव घ्यायचं नाही, असं ठरलं

डोकं कमी आणि उत्साह फार, ही माझी जुनी खोड. कुरुळीत आमच्या भाड्याच्या खोल्या आहेत. वरच्या खोलीत लातूरकडची एक पोरगी राहते. तिचा नवरा चाकणला फिटर होता. जास्त पगार म्हणून सुदानला गेला आणि तिथं लढाई पेटली. फोन बंद पडला त्याला दोन वर्षं झाली. आहे की नाही, कुणीच सांगत नाही. त्याचा फोटो घेऊन मी तिच्याबरोबर इतक्या कचेऱ्या पालथ्या घातल्यात, की आता शिपाई मला बघताच पंख्याखालची खुर्ची पुढे करतो.

गेल्या संक्रांतीला ती हळदीकुंकवाला आलीच नाही. शेजारणींत कुजबुज चाललेली, हिला कुंकू लावायचं की नाही? मी एकेकीला असं फैलावर घेतलं म्हणता! यंदा गुडघे बोंबलत असताना जिना चढले आणि तिला दम देऊनच खाली आणलं.

पण त्याआधी अक्कल पाजळली होती. सगळ्यांना ताकीद दिली, "आज उखाणे न्हाईत. नवऱ्याचं नाव घेईल तिला तिळगूळ न्हाई!" तिला वाईट वाटू नये म्हणून हो.

झालं! एक छताकडे बघतेय, दुसरी वाणातल्या चहागाळणीचं चौथ्यांदा कौतुक करतेय. एरवी कुणी न सांगता तीन-तीन उखाणे झोडणारी समोरची मावशी ओठ दाबून लालबुंद.

पोरगी सगळ्यांकडे बघत होती. म्हणाली, "काकू, हरवलाय तो माझ्या एकटीचा. तुमच्या सगळ्यांचे कुठं गेले ओ?"

मावशीला हसता हसता ठसका लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मीही हसले.

मग तिनं पदर सारखा केला. "चाकणच्या चौकात ट्रॅफिक झालं जाम..." पुढे नवऱ्याचं नाव घेतलं, ते मी इथं लिहीत नाही, तिच्याच तोंडी शोभतं, "...म्हणतात, येतोच, संपू दे काम!"

मी माझी ताकीद विसरून तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"दोन वर्षांत माझ्यासमोर त्यांचं नाव कुणी घेतलं नाही," ती म्हणाली. "सगळे नुसतं विचारतात, काही कळलं का?"

मावशीनं तिला जवळ ओढलं. त्याचं नाव घेऊनच विचारलं, "खायला काय आवडतं गं त्याला?" ती सांगत सुटली. कुंकू लावताना माझं बोट जरा सरकलं, तर म्हणते कशी, "नीट लावा ओ काकू, त्यांना वाकडं चालत नाही."