हेल्मेटमधला लसूण

डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि म्हणाले, "क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा." मला त्यातलं फक्त 'क्रॉनिक' कळलं, कारण आमच्या सासूबाईंचा खोकला क्रॉनिक होता. मग त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. कवटीच्या आत, मेंदूवरच्या पडद्याखाली रक्त साठलंय. दोन-तीन आठवड्यांपूर्वी डोकं आपटलं असणार, एक बारीक शीर फुटली, रक्त थेंबथेंब जमत गेलं आणि आता ते मेंदूला दाबतंय. उद्या सकाळी ऑपरेशन करायचं.

हे डोक्यावर कधी पडले होते का, असं त्यांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणाले. आमचे हे शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून हसत होते.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, घरी ब्लाउज शिवते. हे उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे भरणारे. तरुणपणी तालमीत कुस्ती केली, त्यामुळं दोन्ही कान फुटून सुक्या अंजिरासारखे झालेले. रोज सकाळी सायकलवरून दूध कट्ट्यावर जायचं, समोर पिळलेलं म्हशीचं दूध उभ्यानं प्यायचं आणि तसंच कामावर जायचं, हा त्यांचा नेम. ज्यांच्या घरात सायकल आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

पहिलं लक्षण आवाजाचं होतं. यांनी जेवताना मीठ मागितलं तर समोरच्या बिऱ्हाडातून मीठ यायचं, असा तो आवाज. हा माणूस एकदम हळू बोलायला लागला. भाजीला नावं ठेवेना, क्रिकेटवरून भांडेना. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पैलवान सुधारले. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. आठ दिवस मी ते सुख भोगलं, आणि आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. कोल्हापूरचा माणूस विनाकारण हळू बोलायला लागला तर त्याला आधी डॉक्टरकडं न्या.

मग डोकं दुखायला लागलं. डाव्या पायातली चप्पल चालताना मागं राहायची आणि यांना पत्ताच नसायचा. एकदा एका चपलेवर कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत गेले आणि तिथं कशाला आलो ते विसरून परत आले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हात दाबून बघितले, पाय दाबून बघितले, आणि सीटी स्कॅन लिहून दिला. म्हणजे डोक्याचे पावासारखे आडवे काप केले तर आत काय दिसेल, त्याचे फोटो. तिथून आम्ही मोठ्या दवाखान्यात आलो.

तिथं तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांना कोल्हापुरात येऊन महिनाच झाला होता. त्यांनी यांचा कान बघितला आणि नर्सला म्हणाले, ऑरिक्युलर हिमॅटोमा, कानातसुद्धा रक्त साठलंय, सुई आणा. मी मध्ये हात घातला.

"सायेब, त्यो कान आमच्या लग्नाआधी फुटल्याला हाय."

त्यांनी दुसरा कान बघितला. तोही तसाच. मग सुई परत गेली.

पुढची अडचण फॉर्मवर आली. नर्सनं पेशंटचं नाव विचारलं. आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नाकार्यात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी म्हणाले, मालकांचं. ती म्हणाली, मालकांचंच, पण काय? माझ्यामागं सात-आठ माणसं उभी होती. शेवटी मी तिच्याकडून पेन घेतलं आणि नाव लिहून दिलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू स्कॅन माझाच काढायला हवा.

डॉक्टर मात्र यांच्या विसराळूपणाचं माप काढत होते. माझ्याकडं बोट करून त्यांनी विचारलं, या कोण? हे म्हणाले, घरची. नाव काय यांचं? यांनी मान खाली घातली आणि लाजल्यासारखे हसले.

"आमच्यात नाव घेत न्हाईत, सायेब," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. यांनी सव्वीस वर्षांत मला 'अगं' आणि 'ऐक की' याशिवाय कशानं हाक मारली नव्हती. त्यामुळं नाव विसरलंय हे डॉक्टरांना कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. तुमच्या घरी ही वेळ आली तर रीतभात दाराबाहेर ठेवून आत जा. नवऱ्याला तुमचं नाव घ्यायला लावा, आणि त्याचं तुम्ही घ्या.

संध्याकाळी फौंड्रीतला त्यांचा जोडीदार भेटायला आला, तेव्हा सगळं उलगडलं. कट्ट्याजवळ एक म्हैस अचानक वळली, हे तिला चुकवायला गेले आणि सायकलवरून डोक्यावर आपटले, तेही दगडी कडेवर. दोन मिनिटं बसले, उठून दूध प्यायले आणि सगळ्यांना बजावलं की घरी कळू देऊ नका, बायको लई बोलती.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीला, माधुरीला, मी फोन केला. तिनं वर्षापूर्वी बापासाठी सायकलचं हेल्मेट पाठवलं होतं, भोकाभोकांचं, हलकं. हे म्हणाले होते, पैलवानानं डोक्यावर चाळण घालायची व्हय? मुलीनं एवढंच विचारलं, "आई, हेल्मेट कुठं होतं?"

हेल्मेट स्वयंपाकघरात खिळ्याला उलटं टांगलेलं होतं आणि त्यात लसूण भरलेला होता. भोकांतून हवा छान खेळते म्हणून मीच ठेवला होता. हे सांगताना मला रडू फुटलं.

सकाळी यांचं डोकं भादरलं. स्ट्रेचर यायला वेळ होता. हे माझ्याकडं वळले आणि फार अदबीनं, हळू आवाजात म्हणाले, "पावणं, च्या घेतलासा का?"

सव्वीस वर्षांत या माणसानं मला चहा घेतलास का म्हणून विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर मी कोण हेच त्यांना माहीत नव्हतं. मी म्हणाले, घेतला. ते म्हणाले, बरं झालं, लांबनं आला असशीला. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती.

ऑपरेशनचं नाव बर होल. कवटीला ड्रिलनं बटणाएवढं भोक पाडायचं आणि साठलेलं रक्त बाहेर काढायचं. मी बटणं लावणारी बाई, मला माप लगेच कळलं. बाहेरच्या बाकावर बसून मी बोटांनी ते माप पुन्हा पुन्हा धरून बघत होते. देवाला मी एकच मागितलं. बोलू देत, भांडू देत, भाजी टाकून देऊ देत, पण मला ओळखू देत.

दुपारी आत सोडलं. डोक्याला पट्टी, पट्टीतून एक नळी. डॉक्टर वाकून त्यांना काही विचारत होते, तेवढ्यात सगळा वॉर्ड दचकेल अशा आवाजात हे म्हणाले, "ड्रिल किती एमएमचं मारलासा?"

नर्स म्हणाली, हळू बोला. मी तिला म्हणाले, बाई, बोलू द्या त्यांना. डॉक्टरांनी माझ्याकडं बोट केलं, या कोण? नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही.

यांनी आजूबाजूला बघितलं. वीस खाटांवरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक कान टवकारून बसले होते. "शालन," हे म्हणाले. "शालन हाय तिचं नाव."

मी पदर तोंडाला लावला. लाज वाटत होती आणि आनंदही होत होता. त्या डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी सायकलला हेल्मेट सांगितलं. हे म्हणाले, फौंड्रीत ॲल्युमिनिअमचं ओतून घेतो, पोकळ, दणदणीत. डॉक्टर म्हणाले, नुसतं टणक असून चालत नाही, दणका तसाच आत जातो. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर स्वतः चेचला जातो, म्हणून डोकं वाचतं. आणि एकदा चेचलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही.

यांनी दोन्ही तळवे साच्याच्या पेटीसारखे एकावर एक धरून बघितले. मग म्हणाले, "म्हंजे साचा. साचा मोडायचा आणि ओतकाम शाबूत काढायचं."

डॉक्टर खूश झाले. त्यांनी आणखी सांगितलं की, डोकं बहुतेक वेळा तिरकं आपटतं आणि आत मेंदू पिळवटतो, म्हणून परदेशात आतला थर किंचित सरकेल अशी हेल्मेटंही करतात. यावर हे म्हणाले, त्यात नवीन काय, तालमीत तेच शिकवतात, पडताना घसरायचं.

घरी येऊन मी लसूण टोपलीत ओतला आणि हेल्मेट दोनदा धुतलं, तरी वास जाईना. पट्टा फुटक्या कानाला टोचत होता, म्हणून त्यावर मऊ फ्लॅनेलची पट्टी शिवली. हनुवटीखाली दोनच बोटं जातील इतका पट्टा आवळायचा, हेही यांना शिकवलं. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा सायकल निघाली. कट्ट्यावर लोक हसले. हे प्रत्येकाला साचा आणि ओतकाम समजावून सांगत होते, तेही मोठ्यानं.

पंधरा दिवसांनी एका सकाळी मी स्वयंपाकघरात वळले तर हेल्मेट खिळ्यावरच. धावत दारात आले. हे गल्लीच्या टोकाला पोचले होते.

"अहो," मी हाक मारली. दुधाला निघालेले चार नवरे वळून बघायला लागले. हे काही वळले नाहीत.

मग मी कमरेला पदर खोचला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "आनंदा!"

सायकल थांबली. हे परत आले, मुकाट्यानं हेल्मेट घातलं, पट्टा आवळला, दोन बोटं घालून बघितली. पायडलवर पाय ठेवला, पण निघेनात.

"आणि एकदा मार की हाक," म्हणाले.